थोडं सहन कर, बेटा

गेल्या वर्षी शाबान महिन्यात माझी धाकटी बहीण मुलीला घेऊन आमच्याकडे आली. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पकडून दोघी पहाटे कल्याणला उतरल्या आणि नाश्ता होतो न होतो तोच खरेदीची यादी बाहेर आली. भाचीचा निकाह ईदनंतरच्या आठवड्यात ठरला होता. लग्नाची खरेदी म्हटली की आमच्या नात्यातल्या सगळ्यांना उल्हासनगर आठवतं, आणि मी राहते कॅम्प दोनमध्ये. गजानन मार्केट चालत जाण्याच्या अंतरावर, जपानी बाजार त्याच्या पुढं. त्यामुळं दरवर्षी माझ्या घरी कुणा ना कुणाचं लग्नाचं बोचकं बांधलं जातंच.

तीन दिवसांत शरारा झाला, सासरच्यांची जोडी झाली, बांगड्या झाल्या. चौथ्या दिवशी बहीण हळूच म्हणाली, "आपा, हिच्या चेहऱ्याचं काहीतरी करायला पाहिजे."

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. मंगनीच्या दिवशी मुलाची आई सगळ्यांसमोर म्हणाली होती, "नैन-नक्श अच्छे हैं, बस रंग जरा दबता है." म्हणाल्या त्या हसत, आम्हीही हसलो. मी वर्गात मुलींना माणसाची किंमत रंगावरून ठरत नाही असं सांगत आले आहे, आणि त्या दिवशी मीही हसले. भाची तेवढी हसली नव्हती. कपाळावर चार मुरुमांचे डाग आणि गालावर जरा खरखरीतपणा, तिच्या चेहऱ्याची एवढीच काय ती तक्रार. बी.कॉम. झालेली, गोड आवाजाची, तजवीदसह तिलावत करणारी मुलगी.

मी तिला एका पार्लरमध्ये नेलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असं दुकान प्रत्येक गल्लीत सापडतं. साडेचार हजारांचं ब्रायडल पॅकेज होतं: फेशियल, ब्लीच, डी-टॅन आणि 'ग्लो पील'. पील म्हणजे काय, असं मी विचारलं. "मॅडम, वरची मेलेली साल निघते, आतून नवी स्किन येते," असं उत्तर मिळालं. उत्तर चुकीचं नव्हतं. पण ते किती अर्धवट होतं हे मला नंतर कळलं.

ब्रशनं काहीतरी पाण्यासारखं चेहऱ्यावर लावलं गेलं. मिनिटभरानं भाची म्हणाली, "खाला, जळतंय." पार्लरवाली म्हणाली, "थोडं टिंगलिंग होतंच." मग तिचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली. भाचीनं माझा हात घट्ट धरला, "खाला, खूप जळतंय." मी म्हणाले, "थोडं सहन कर, बेटा. पैसे भरलेत."

ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. वीस वर्षांत मुलांना शिकवताना मी एवढं तरी शिकायला हवं होतं, की दुखतंय असं मूल सांगतं तेव्हा आधी बघायचं आणि मग बोलायचं.

गालावर आणि वरच्या ओठाजवळ पांढरे पांढरे चट्टे उठले. बाई परत आली आणि म्हणाली, "बघा, सगळी घाण वर आली." मग तिनं पाण्यानं पुसून घेतलं. संध्याकाळी चेहरा लालबुंद झाला. दुसऱ्या दिवशी ते पांढरे चट्टे तपकिरी खपल्या झाले. तिसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, "कोणतं ॲसिड होतं? किती टक्के? किती मिनिटं ठेवलं?" तीनपैकी एकाचंही उत्तर आमच्याकडे नव्हतं. पार्लरवालीला फोन केला तर ती म्हणाली, "कंपनीचं आहे, चांगलं आहे."

त्या डॉक्टरांनी आम्हाला रागावायला हवं होतं. ते रागावले नाहीत. कागदावर तीन आडव्या रेघा मारून समजावत बसले. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर तर आणखी सविस्तर बोलले. त्यांच्याकडून जे कळलं आणि पुढं मी स्वतः वाचून जे पडताळलं, ते इथं लिहिते, कारण येत्या लग्नसराईत तुमच्यापैकी कुणाची तरी मुलगी अशाच खुर्चीत बसलेली असेल.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. खालून नव्या पेशी तयार होतात, वर सरकतात, सपाट होतात आणि गळून पडतात. तरुण वयात या फेऱ्याला साधारण अठ्ठावीस दिवस लागतात, वय वाढलं की जास्त. म्हणजे साप वर्षातून काही वेळा कात टाकतो आणि आपण रोज थोडी थोडी टाकतो, कुणाला दिसतही नाही. काहींच्या चेहऱ्यावर या पेशी नीट गळत नाहीत, चिकटून राहतात. मग त्वचा खरखरीत दिसते, छिद्रं बुजतात, मुरुमं येतात. त्या पेशी सुटायला मदत करणं एवढंच या सगळ्या उपचारांचं काम. शस्त्रक्रिया नाही, कापाकापी नाही.

हे दोन प्रकारांनी होतं. एक घासून, एक विरघळवून.

घासणं आपल्याला नवं नाही. माझ्या अम्मीच्या मोरीत काळी, भोकाभोकांची वजरी असे. शेजारच्या काकू तिला वजरी म्हणायच्या, अम्मी झांवा म्हणायची, आणि दोघींच्या टाचा सारख्याच मऊ होत्या. लग्नाआधी मांज्याला बसवतात तेव्हा लावतात ते उबटन म्हणजेही तेच: बेसन, हळद, चारोळी, साय, गुलाबपाणी. सुकत आलं की हलक्या हातानं चोळून काढायचं. दिवाळीला आमच्या शेजारी उटणं लावतात त्याची रीतही तीच. दवाखान्यात यंत्रानं बारीक स्फटिक किंवा हिऱ्याच्या कणांचं टोक चेहऱ्यावरून फिरवतात, त्याला मायक्रोडर्मॅब्रेजन म्हणतात. आमच्या उल्हासनगरच्या वाचकांना हे लगेच समजेल. इथल्या जीन्सच्या कपड्याला स्टोनवॉश करतात, म्हणजे झांव्याच्याच जातीच्या दगडांबरोबर यंत्रात घोळवतात. कापड मऊ होतं, रंग उतरतो. जास्त वेळ घोळवलं तर विरतं. चेहऱ्याचं कापड बदलून मिळत नाही, एवढाच फरक.

डॉक्टरांचं म्हणणं, टाचेला वजरी ठीक, चेहऱ्याला नाही. अक्रोडाच्या कवचाची भरड घातलेले स्क्रब, साखर आणि लिंबू, मीठ, खाण्याचा सोडा असलं काही चेहऱ्यावर घासू नये. कण टोकदार असतात, ओरखडे पडतात. लिंबाचा रस फार आंबट असतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग पडू शकतात. यूट्यूबवर हे कुणी सांगत नाही.

विरघळवण्याचा प्रकार म्हणजे पील. यात आम्ल वापरतात. नाव ऐकून घाबरू नका, कारण ही आम्लं आपल्या ओळखीच्या घरातलीच आहेत. ग्लायकोलिक ॲसिड उसात असतं, लॅक्टिक ॲसिड आंबलेल्या दुधात, मँडेलिक ॲसिडचं नाव कडू बदामावरून आलं आहे. सॅलिसिलिक ॲसिडचं नातं विलो नावाच्या झाडाच्या सालीशी. ते तेलात मिसळतं म्हणून छिद्रांच्या आत पोचतं आणि मुरुमांच्या चेहऱ्याला उपयोगी पडतं. ही आम्लं मेलेल्या पेशींना धरून ठेवणारा चिकटा सैल करतात. नीट केलेल्या हलक्या पीलनंतर तीन-चार दिवस बारीक कोंडा निघाल्यासारखं होतं आणि त्वचा मऊ दिसते. दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं काही वेळा करावं लागतं. हे उपचार खोटे नाहीत. मुरुमांचे डाग, वांग, खरखरीतपणा यांवर ते खरंच काम करतात.

पण सगळा खेळ टक्के आणि मिनिटांचा आहे. घरी वापरायच्या ग्लायकोलिकच्या बाटलीत साधारण दहा टक्क्यांपर्यंत आम्ल असतं. दवाखान्यात वीसपासून सत्तर टक्क्यांपर्यंत जातात, तेही खालून चढत, घड्याळ हातात धरून, रुग्णापासून न हलता. ग्लायकोलिक आपोआप थांबत नाही. ते सोड्याच्या पाण्यानं निष्प्रभ करून धुवावं लागतं, नाहीतर आत उतरतच जातं. भाचीच्या गालावर आलेले पांढरे चट्टे ही घाण नव्हती. तो 'थांबवा' असा इशारा होता. आम्ल मेलेल्या थराच्या खाली, जिवंत थरात गेलं होतं.

"तेव्हा काय करायला हवं होतं?" मी विचारलं.

"नळाखाली चेहरा धरायचा. भरपूर थंड पाणी. कुणाची परवानगी मागायची नाही."

नळ खुर्चीपासून चार पावलांवर होता.

दुसरी गोष्ट आपल्या रंगाची. त्वचेचे सहा प्रकार मानण्याची पद्धत हार्वर्डच्या डॉ. फिट्झपॅट्रिक यांच्या नावानं ओळखली जाते, आणि आपण बहुतेक भारतीय त्यात चौथ्या-पाचव्या प्रकारात येतो. अशी त्वचा उन्हापासून चांगली राखण करते, पण तिला जखम किंवा जळजळ झाली की ती तिथं जास्त रंग ओतते. गोऱ्या बाईचा भाजलेला गाल लाल होऊन बरा होतो, आपला काळा पडतो आणि महिनोन्‌महिने तसा राहतो. म्हणून आपल्याकडे खोल पील जपूनच करतात, आणि हलक्या पीलआधीही दोन-चार आठवडे त्वचेची तयारी करून घेतात. सनस्क्रीन सुरू करतात, कानामागं थोडं लावून बघतात, आठवडाभर आधी थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच बंद ठेवतात. आमच्या पॅकेजमध्ये ब्लीच आणि पील एकाच दुपारी होतं. मुरुमांसाठी गोळ्या चालू असतील, ओठावर तापाचे फोड येत असतील, जखमेचे वण वाढत असतील, दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना सांगावं लागतं. आम्हाला यातलं एकही विचारलं गेलं नाही, आणि आम्हीही कुणाला काही विचारलं नाही. गजानन मार्केटमध्ये दुपट्ट्याचा रंग जातो का, हे मात्र आम्ही तीन दुकानांत ओला रुमाल घासून पाहिलं होतं.

पॅकेजबरोबर एक डबीही मिळाली होती, 'नाइट क्रीम'. पांढरी डबी, वर एका गोऱ्या मुलीचा फोटो, बाकी काही नाही. डॉक्टरांनी ती उलटीपालटी करून पाहिली. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही, मुदतीची तारीख नाही. "ही घरात ठेवू नका," म्हणाले, आणि अकोल्याची गोष्ट सांगितली. ती तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असेल. अकोल्यातल्या एका विद्यार्थिनीनं ब्यूटीशियनकडून उजळपणाचं क्रीम घेतलं. तिचं बघून तिच्या आईनं आणि बहिणीनंही लावलं. तिघींच्याही किडन्यांना आजार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर कारण त्या क्रीममध्ये सापडलं: पारा.

पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा पटकन उजळ दिसतो. पण तो कातडीतून आत जातो आणि किडन्यांवर बसतो. केरळमध्ये मलप्पुरमकडेही असे रुग्ण सापडले आहेत. भारताच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. चुकून आलाच तर दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. बिननावाची डबी हे नियम वाचत नाही. आमच्या बाजारात तर परदेशी वाटणारं लेबल ही जुनीच कला. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद आमचे सिंधी शेजारी स्वतःच सांगतात.

त्या शेजारच्या वयोवृद्ध सिंधी आजींनी भाचीला पाहिलं तेव्हा मात्र विनोद केला नाही. त्या फाळणीनंतर लहानपणी या छावणीत आलेल्या. त्यांची सिंधी लिपी आणि माझी उर्दू यांच्यात बहिणीबहिणींचं नातं, म्हणून आमचं जमतं. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी फक्त मुल्तानी मिट्टी होती, आणि मुल्तान आमच्या सिंधच्या शेजारी. ही माती तेल शोषते, म्हणून पूर्वी लोकर धुवायलाही असली माती वापरत. भाजलेल्या चेहऱ्यावर तीसुद्धा चालत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि भाचीसाठी गोड भाताचं भांडं पाठवलं.

औषध थोडंच होतं. साधं मलम, खपल्या ओढायच्या नाहीत, एसपीएफ तीसच्या वरचं सनस्क्रीन, आणि धीर. भाचीनं डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, वुजू करू का? ते म्हणाले, थंड पाणी खुशाल घ्या, चोळू नका, टॉवेलनं टिपा. रमजान लागला. पहिले चार रोजे त्या दोघी माझ्याकडेच होत्या. फजरच्या वेळी बेसिनपाशी तिचा श्वास आत ओढल्याचा आवाज यायचा, पाणी झोंबत असे. मी दाराआड उभी राहायची. आत जायची हिंमत व्हायची नाही.

एका सहरीच्या वेळी तिनंच विचारलं, "खाला, मी अल्लाहनं दिलेली सूरत बदलायला गेले म्हणून असं झालं का?" मी आलिमा नाही, त्यामुळं फतवा दिला नाही. जे ठाऊक होतं ते सांगितलं. सौंदर्यासाठी दात घासून फट पाडणाऱ्या, गोंदवणाऱ्या स्त्रियांबद्दलच्या हदीसमध्ये अल्लाहची रचना बदलण्याची ताकीद आहे. मुरुमांवर इलाज करणं, कातडी निरोगी ठेवणं हा उपचार आहे, आणि उपचार करणं सुन्नत आहे. पण रंग? सूरह रूममध्ये भाषांचं वेगळेपण आणि रंगांचं वेगळेपण ही अल्लाहची निशाणी म्हणून एकाच आयतीत सांगितली आहे. मी दोन भाषा शिकवते, भाषांबद्दलचा तो भाग मला तोंडपाठ. त्याच्या शेजारचा शब्द मी इतकी वर्षं नुसता वाचून पुढं जात होते. "चूक झाली असेल तर माझी," मी म्हणाले. ती काही बोलली नाही. खजुरांची ताटली तेवढी माझ्याकडे सरकवली.

बहिणीचं म्हणणं होतं, मुलाकडच्यांना कळू द्यायचं नाही, मेकअपखाली झाकता येईल. भाचीनं ऐकलं नाही. सोलापूरला गेल्यावर तिनं स्वतः होणाऱ्या सासूबाईंना फोन करून सगळं सांगितलं. आम्ही श्वास रोखून होतो. दुसऱ्या दिवशी इफ्तारनंतर सासूबाई घरी आल्या, तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला, खूप वेळ पाहिलं आणि काही न बोलता शिरखुर्म्याचा सुकामेवा ठेवून गेल्या. बहिणीनं रडतच मला फोन केला, रिश्ता मोडणार म्हणून.

रिश्ता मोडला नाही. ईदनंतर निकाह झाला, गालावर दोन तपकिरी डाग घेऊनच. मेकअपवालीला भाचीनं सांगितलं होतं, थर देऊ नकोस.

खरी गोष्ट महिनाभरानं कळली. सासूबाईंचे गाल नेहमी गुलाबी दिसायचे, आम्हाला वाटायचं रंगच तसा. भाचीनं जवळून पाहिलं तर तांबड्या बारीक शिरा, उन्हात निघालं की आग, हनुवटीवर मुरुमं आणि बारीक लव. उशीखाली एक ट्यूब. मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, नऊ वर्षं रोज रात्री लावलेली. त्यात स्टेरॉइड होतं. अशी मलमं खरुज-नायटा नव्हे, ठराविक आजारांसाठी थोडे दिवस असतात. सरकारनं 2018 मध्ये अशी चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली, पण गल्लीतल्या दुकानापर्यंत ते पोचायला वेळ लागतो. चेहऱ्यावर लावत राहिलं की कातडी पातळ होते, आणि एकदम सोडलं तर चेहरा भडकून उठतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. सासूबाईंनी दोनदा सोडून पाहिलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या लग्नात त्यांच्या सासूनं काय म्हटलं होतं, तेही त्यांनी त्या रात्री भाचीला सांगितलं. ते वाक्य जवळजवळ तेच होतं.

आता दोघी महिन्यातून एकदा सोलापुरातल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे एकाच रिक्षानं जातात. सासूबाईंची ट्यूब हळूहळू कमी करत बंद झाली. मधले दोन महिने चेहरा सुजला, त्या बाहेर पडल्या नाहीत, सनस्क्रीनचा वास आवडत नाही म्हणून कुरकुरत राहिल्या. भाचीच्या ओठाजवळचा डाग गेला, गालावरचा फिकट झाला आहे. डॉक्टर म्हणतात, हवं तर आता हलकं, दवाखान्यातलं, नीट तयारीनं केलेलं पील करता येईल, उपयोग होईल. ती म्हणाली, विचार करून सांगते.

उर्दूत कातडीला जिल्द म्हणतात आणि पुस्तकाच्या बांधणीलाही जिल्द. नववीच्या वर्गात हा शब्द शिकवताना मागच्या बाकावरची एक मुलगी सारखी गाल खाजवत होती. तास संपल्यावर तिला थांबवलं. लिंबू आणि टूथपेस्ट, आठ दिवसांपासून, मावशीचं लग्न होतं म्हणून. मी तिला नळापाशी घेऊन गेले.

"मॅडम, जास्त नाही जळत," ती म्हणाली.

"जळतंय ना?"

"थोडंसं."

मी नळ सोडला.